साक्ष पाखडून घ्या

दिवाळीनंतर आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्र नाटकात जागते. झाडीपट्टीचा प्रेक्षक दिलदार. पण दोषी कोण, हे तो दुसऱ्या अंकातच ठरवून मोकळा होतो. आम्ही काही शिक्षक याच मातीतले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ एकत्र वाचून झाले आणि आमच्यातला एकजण म्हणाला, “काही म्हणा, शेवटी साक्षीदारांचे खरेच निघाले ना?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला आमचे उत्तर.

१९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणलेले हे नाटक पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईची हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येतात. वेळ घालवायला एक खोटा खटला उभा करतात. आरोपी ठरते शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता गंमत संपते आणि तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. समीक्षकांनी या नाटकात पांढरपेशांचा दुटप्पीपणा पाहिला, स्त्रीची घुसमट पाहिली. ते योग्यच. पण विज्ञान शिकवणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. इथे साक्षीदार भरपूर आहेत. साक्ष तोलणारा एकही नाही.

सामंत हा गावातला भाबडा माणूस. एक नट आला नाही म्हणून त्याला साक्षीदार केले जाते. दाराआडून ऐकलेला म्हणून तो जो संवाद सांगतो, तो कादंबरीवरून रचलेला असतो. तरी तो बेणारेला चिकटतो. कर्णिक ऐकीव गोष्ट सांगतो. न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे फिर्यादीचेही वकील आणि बचावाचेही. ज्याची उलटतपासणी व्हायला हवी, तो प्रा. दामले शेवटपर्यंत येतच नाही. बेणारे विरोध करते, पण आरोपीचा विरोध ऐकतो कोण?

आपल्याकडे ज्युरीची पद्धत होती तेव्हा निवाड्यापूर्वी न्यायाधीश ज्युरीला पुरावा कसा तोलायचा ते समजावून सांगत. साक्षीदाराने स्वतः पाहिले की ऐकले? त्याला नीट दिसण्यासारखे होते का? त्याचा काही स्वार्थ किंवा वैर? आधी तो वेगळे बोलला होता का? आणि बोलला असेल, तर ती विसंगती मुद्द्याची की किरकोळ? अशी समजावणी हा नुसता उपचार नव्हता. १९५९ च्या गाजलेल्या नानावटी खटल्यात नऊपैकी आठ ज्युरींनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका आढळल्या. गोळी अपघाताने सुटली हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आहे, हे ज्युरीला सांगितलेच गेले नव्हते. नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. आता न्यायाधीशच साक्ष तोलतात. एका बाबतीत खोटा म्हणजे सर्वच बाबतींत खोटा, असे आपली न्यायालये सरसकट मानत नाहीत. दाणा आणि फोलपट वेगळे करा, असे त्यांचे सांगणे असते. धानाच्या जिल्ह्यात हे फोड करून सांगायला नको.

प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो. १९७४ मध्ये अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, काहींना ‘चक्काचूर होईल अशा आदळल्या’ तेव्हा किती असे. आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये अशी काच नव्हतीच. पहिल्या गटात ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यात ५० पैकी १६. प्रश्नातला एक शब्द आठवणीत काच पेरून गेला. हे वाचून सुखात्म्यांचे प्रश्न पुन्हा वाचावेत.

आता आमच्या मित्राकडे वळू. शेवटी बेणारे मन मोकळे करते, तेव्हा बाकीची पात्रे निश्चल असतात. तिचे बोलणे फक्त प्रेक्षक ऐकतो. ते त्या कोर्टापुढे आलेलेच नसते. विद्यार्थ्याने चुकीच्या पायऱ्या लिहून बरोबर उत्तर आणले, तर आपण पूर्ण गुण देतो का? कादंबरीतले वाक्य कुणाच्या आयुष्याशी जुळले, एवढ्याने वाचणारा साक्षीदार होत नाही. शिवाय खरे निघाले ते काय? तिचे प्रेम. आरोप तर भ्रूणहत्येचा होता. आणि हे कोर्ट शिक्षा काय देते? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची!

चारित्र्यावर बोट ठेवून विश्वासार्हता खोडायची ही रीत नाटकापुरती नव्हती. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्रीविरुद्ध तसे करण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती. ती काढायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली.

नाटकाबद्दल आमची एक तक्रार आहे. बेणारेचे स्वगत इतके प्रभावी आहे की त्याआधीच्या साक्षींचा पोकळपणा मनातून पुसला जातो. नाटककाराने हा सापळा मुद्दाम लावला असेलही. पण प्रेक्षक त्यात अडकतो आणि अडकल्याचे त्याला कळत नाही.

म्हणून वरच्या वर्गात साक्षींचे प्रवेश वाचून घ्यावेत. फळ्यावर तीन रकाने आखावेत: पाहिले, ऐकले, रचले. प्रत्येक वाक्य कुठे बसते ते मुलांनीच ठरवावे. बेणारे शिक्षिका आहे आणि अशाच साक्षींच्या जोरावर तिची नोकरी जाऊ घातली आहे. एखाद्या सहकाऱ्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, की हे तीन रकाने आपणही आठवावेत.