एका पानात बसवलेलं टेबल

थिसिस लिहायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न पडतो: टेबल पानाच्या बाहेर चाललंय, एका पानात कसं बसवू? उत्तरही ठरलेलं असतं. लॅबमधलं कुणीतरी सांगतं, 'रिसाइझबॉक्समध्ये टाक, रुंदीला टेक्स्टविड्थ दे, उंचीला उद्गारचिन्ह दे. झालं.' आणि खरंच होतं. कंपाइल केलं की टेबल गुमान समासाच्या आत येऊन बसतं. इशारा जातो, तुम्ही पुढच्या प्रकरणाला लागता.

मीही हेच केलं होतं. आज त्याच सवयीवर टीका करायची आहे, आणि उदाहरण माझ्याच टेबलाचं घेतो, म्हणजे कुणाला राग यायला नको.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब हे माझं फील्डवर्कचं गाव. शेतकरी कुटुंबं कर्ज कुठून घेतात आणि ते कसं फिरवतात, हा विषय. मुलाखतींचा गोषवारा एका टेबलात मांडला. स्तंभ सात: कुटुंब क्रमांक, गाव, जमीन, पिकं, कर्जाचा स्रोत, कारण, परतफेड. शेवटच्या तिन्हींत आकडे नव्हते, वाक्यं होती.

आधी हिशेब बघा, कारण हा हिशेब लेटेक करतं आणि आपण करत नाही. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. बांधणीसाठी डावीकडे ३८ आणि उजवीकडे २५ सोडले, तर हातात १४७ उरतात. लेटेक प्रत्येक स्तंभाच्या दोन्ही बाजूंना ६-६ पॉइंट मोकळी जागा आपणहून सोडतं. सात स्तंभांचे ८४ पॉइंट, म्हणजे साधारण ३० मिलिमीटर. उरले ११७. सगळे स्तंभ सारखे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मिलिमीटरही येत नाहीत. त्यात १२ पॉइंटमधलं 'सावकाराकडून' एका ओळीत मावायची मारामार, मग वाक्याचं काय घेऊन बसलात?

त्यात मी स्तंभांना 'एल' दिलं होतं. 'एल' स्तंभ मजकूर खालच्या ओळीवर आणत नाही, वाक्य कितीही लांब असो, ते सरळ पुढे जात राहतं. टेबलाची मूळ रुंदी झाली २६ सेंटिमीटरच्या आसपास. रिसाइझबॉक्सने ती १४.७ वर आणली. म्हणजे सगळं ५६ टक्क्यांवर आलं आणि १२ पॉइंटचं अक्षर पावणेसात पॉइंटचं झालं. रिसाइझबॉक्स मांडणी सुधारत नाही. तो टेबलाचा जणू फोटो काढतो आणि फोटो लहान करतो. अक्षरं लहान होतात, रेघाही बारीक होतात, आणि पुढच्या पानावरचं टेबल वेगळ्या प्रमाणात आवळलेलं असल्यामुळे एकाच प्रकरणात दोन टेबलांची अक्षरं दोन मापांची दिसतात.

इंग्रजीत एवढ्या लहान अक्षरांत निदान कळतं तरी. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार असतो आणि खाली उकार. झेरॉक्सवर सगळ्यात आधी हेच जातात. 'शेत' आणि 'शेतं' यांत फरक एका टिंबाचा, पण एक शेत विकणं आणि शेतं विकणं यांत फरक एका कुटुंबाचा. परीक्षकाने भिंग घेऊन बसावं अशी अपेक्षा करता येत नाही. तो ते टेबल वाचत नाही, 'छान आहे' म्हणून पान उलटतो. आपल्याला वाटतं, टेबल पास झालं.

इथपर्यंत दोष दिसण्याचा आहे. खरा दोष पुढे आहे.

टेबल आवळूनही माझ्या काही ओळी मोठ्याच राहिल्या, मग मी शब्द आवळले. एका बाईंनी सांगितलेलं असं होतं: पीककर्ज नवऱ्याच्या नावावर बँकेचं. ते नवं-जुनं करायला पैसे हवे होते, ते माहेराहून आणले. माहेरचे परत द्यायची वेळ आली तेव्हा बचत गटातून उचल घेतली. माझ्या टेबलात याचं काय झालं? स्रोत: बचत गट. कारण: घरखर्च. दोन्ही शब्द स्तंभात मस्त बसले.

सहा महिन्यांनी विश्लेषण लिहायला घेतलं तेव्हा मी वह्या उघडल्या नाहीत, टेबल उघडलं. आणि त्यावरून लिहून मोकळा झालो की बचत गटाचं कर्ज मुख्यतः घरखर्चाला जातं. त्या बाईंच्या बाबतीत ते बँकेच्या पीककर्जाचं शेपूट होतं. तीन कर्जांची साखळी, आणि तीच तर माझ्या संशोधनाचा विषय होती! साखळी मोडली ती १७ मिलिमीटरच्या स्तंभाने. चूक सापडली तीही योगायोगाने, दुसऱ्याच कामासाठी वही चाळताना.

म्हणून सांगतो, 'टेबल कसं बसवू' हा टायपिंगचा प्रश्न समजू नका. कुठला मजकूर टेबलात जायचा आणि कुठला नाही, हा संशोधनाचा निर्णय आहे. तो रिसाइझबॉक्सवर सोडला की तो निर्णय कुणीच घेतलेला नसतो.

आता एक चांगलं उदाहरण. तुमच्यापैकी शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाने ते हाताळलंय: सातबारा. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. एका कागदावर गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार, इतर हक्क, खाली पिकं. मिश्र पीक वेगळं, निर्भेळ वेगळं, जलसिंचित-अजलसिंचित वेगळं. वारसाहक्क, वाटण्या, खरेदी-विक्री, बोजा, एवढा इतिहास असलेली जमीन एका उताऱ्यात कशी मावते? अक्षर बारीक करून नाही. नावासमोर फेरफार क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकामागची हकीकत गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर ८-अ. गाव नमुने एक ते एकवीस आहेत, आणि ते एकमेकांना क्रमांकांनी बांधलेले आहेत. उताऱ्यावर निष्कर्ष, नोंदवहीत हकीकत, मध्ये क्रमांक. मोठ्या टेबलाचा याहून चांगला धडा मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळाला नाही.

पण सातबाऱ्यालाही डोक्यावर घेऊन नाचू नका. मक्त्याने किंवा बटईने शेत करणारा माणूस त्या कागदावर बहुतेक वेळा नसतोच. शेतात राबणारी बाई मालकीत नसेल तर तीही नाही. आणि मदत, विमा, कर्ज, सगळीकडे पहिला प्रश्न 'सातबाऱ्यावर नाव आहे का?' टेबलात ज्याला स्तंभ नाही, त्याला पुढे कार्यालयातही जागा मिळत नाही. आपल्या थिसिसच्या टेबलाची ताकद एवढी नसेल, पण जात तीच आहे. म्हणून एखादा स्तंभ गाळाल तेव्हा काय गाळलं ते टेबलाखालच्या टिपेत लिहा.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, ज्या स्तंभात सगळीकडे एकच उत्तर आहे तो काढा. माझ्या टेबलात 'गाव' हा स्तंभ होता आणि प्रत्येक ओळीत 'बोरी अरब' लिहिलेलं होतं! ते शीर्षकात गेलं, एक स्तंभ वाचला.

दुसरं, एका टेबलाला एकच प्रश्न द्या. जमीन आणि पिकं हे एक टेबल, कर्ज आणि परतफेड हे दुसरं. कुटुंब क्रमांक दोन्हीकडे ठेवा.

तिसरं, सातबाऱ्याची युक्ती वापरा. टेबलात साखळीचा प्रकार लिहा, जसं 'बँक, माहेर, बचत गट', आणि शेजारी मुलाखतीचा क्रमांक द्या. पूर्ण हकीकत परिशिष्टात.

इथवर आलात की मगच लेटेकला हात लावा. मजकुराच्या स्तंभांना 'एल' नको, 'पी' द्या आणि रुंदी सांगा, म्हणजे ओळ आपोआप खाली वळेल. रुंदी मोजायचा कंटाळा असेल तर टॅब्युलरएक्स घ्या. त्यातले 'एक्स' स्तंभ उरलेली जागा आपसात वाटून घेतात. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवायला गेलं की शब्दांमध्ये भगदाडं पडतात, म्हणून रॅग्डराइट लावा. उभ्या रेघा काढून टाका, बुकटॅब्सच्या तीन आडव्या रेघा पुरतात. दोन्ही टोकांची मोकळी जागा काढली की आणखी चार मिलिमीटर मिळतात. अक्षर कमी करायचंच तर फुटनोटसाइझपर्यंत, १२ पॉइंटच्या थिसिसमध्ये ते १० पॉइंट होतं. त्याखालचं स्क्रिप्टसाइझ ८ चं आणि टायनी ६ चं. देवनागरीसाठी मी १० च्या खाली जात नाही. आणि ॲरेस्ट्रेच १.३ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

तरीही मावत नसेल तर पान आडवं करा. पीडीएफएलस्केप पॅकेजने ते पीडीएफमध्येही आडवंच दिसतं, मान वाकडी करावी लागत नाही. वर-खाली २५-२५ सोडून २४७ मिलिमीटर मिळतात, सात स्तंभ असले तरी प्रत्येकाला साधारण ३१. जवळजवळ दुप्पट.

आणि ओळीच खूप असतील तर एका पानाचा हट्ट सोडा. लाँगटेबल पुढच्या पानावर जातं आणि स्तंभांची नावं तिथे पुन्हा छापतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: ते टेबल एन्व्हायर्नमेंटच्या आत घालायचं नसतं, आणि रुंदी जुळायला दोन-तीनदा कंपाइल करावं लागतं. एक मर्यादाही आहे. पान ओळींच्या मध्येच तुटतं, ओळीच्या पोटात तुटत नाही. एकच ओळ पानाएवढी उंच झाली असेल तर समजा की तो मजकूर टेबलाचा नाहीच, परिच्छेदाचा आहे.

रिसाइझबॉक्स अगदी वाईट आहे का? नाही. आकड्यांचं टेबल समासाबाहेर दोन-चार मिलिमीटर जात असेल तर खुशाल वापरा, पाच टक्क्यांनी कुणाचे डोळे जात नाहीत. गाइड 'एका नजरेत दिसलं पाहिजे' म्हणतात, त्यातही तथ्य आहे. तुलना करायची तर ओळी समोरासमोर हव्यात. पण एका नजरेत दिसण्याआधी ते नजरेला वाचता आलं पाहिजे.

माझं टेबल आता दीड पानाचं आहे. त्या बाईंच्या ओळीत तीन स्रोत आहेत आणि पुढे मुलाखतीचा क्रमांक. निष्कर्षाचं ते वाक्य खोडलं, आणि बाकीच्या ओळीही एकेक करून वहीशी ताडून पाहिल्या. त्यात आठवडा गेला.

तुम्ही एवढंच करा: टेबल छापा, झेरॉक्स काढा, आणि ज्याने तुमचा विषय वाचलेला नाही अशा मित्राला कुठलीही एक ओळ मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर टेबल अजून बसलेलं नाही.