सोबती की सामान? : ब्रिटिश रेल्वेच्या भित्तिपत्रकांतील कुत्रा

रेल्वेचे भित्तिपत्रक हा साहित्यविषयक पत्रिकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते तो होऊ शकतो. एक चित्र आणि चार-सहा शब्द एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली ती रचना असते, आणि कोणत्याही रचनेप्रमाणे ती काय सांगते याइतकेच ती काय गाळते हेही तपासता येते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या ब्रिटिश रेल्वे-भित्तिपत्रकांचा कलादृष्ट्या पुष्कळ गौरव झाला आहे. त्यांच्याच परंपरेत एक लहानशी शाखा आहे : प्रवाशांनी आपला कुत्रा बरोबर आणावा, असे आवाहन करणारी भित्तिपत्रके. ही चित्रे पाहून हसू येते, आणि बहुतेक रसिक तेथेच थांबतात. आम्हांला त्यांच्यापाशी थोडे अधिक थांबावेसे वाटते.

प्रथम पार्श्वभूमी. १ जानेवारी १९२३ रोजी ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले, आणि या चौघींत प्रवासी खेचण्याची चढाओढ लागली. भित्तिपत्रकाची ताकद त्यापूर्वीच सिद्ध झाली होती. जॉन हॅसल यांनी १९०८ साली स्केग्नेससाठी काढलेला, समुद्रकिनाऱ्यावर उड्या मारणारा लठ्ठ कोळी तेथे घरोघरी ठाऊक होता. आता टॉम पर्व्हिस, फ्रँक न्यूबोल्ड यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. चाळीस इंच लांब आणि पंचवीस इंच रुंद कागदावर सपाट, ठसठशीत रंग, मोजका मजकूर आणि दुरूनही कळेल अशी आकृती, हे या चित्रशैलीचे विशेष होत. परंतु रेल्वेचा खरा प्रतिस्पर्धी लवकरच दुसरा ठरला, तो म्हणजे मोटार. १९३८ साली चारही कंपन्यांनी रस्तावाहतुकीच्या तुलनेत आपल्याला न्याय्य वागणूक मिळावी म्हणून एकत्र मोहीम काढली, इतकी ती स्पर्धा टोकाला गेली होती. मोटारीच्या मागच्या आसनावर कुत्रा तिकिटावाचून बसतो, ही गोष्ट लहान दिसते. पण सुटीवर निघालेल्या कुटुंबाचा निर्णय अशाच लहान गोष्टींवर ठरतो. शिवाय परदेशातून आणलेल्या कुत्र्याला सहा महिने विलग ठेवण्याचा ब्रिटनमधील नियम विसाव्या शतकाच्या आरंभापासून जवळजवळ शंभर वर्षे कडकपणे पाळला गेला. त्यामुळे कुत्रा पाळणारे कुटुंब त्याला घेऊन स्वदेशातल्याच किनाऱ्यावर जाणार, हे उघड होते. अशा ग्राहकाला हाक मारणे हा शुद्ध व्यवहार होता.

या व्यवहाराला चित्राने जे रूप दिले, ते मात्र व्यवहाराचे नाही. जाहिरातीतला कुत्रा म्हटले की आपल्या वाचकांना ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा आठवेल. फ्रान्सिस बॅरो यांच्या चित्रातला तो निपर नाट्यसंगीताच्या तबकड्यांबरोबर मराठी घरांतही आला. निपर ऐकतो. त्याची निष्ठा ही यंत्रातल्या आवाजाच्या खरेपणाची साक्ष ठरते. रेल्वेचा कुत्रा साक्षीदार नाही, तो सहप्रवासी आहे. त्याच्याशिवाय सुटी अपुरी राहील, असे ते आवाहन सुचवते. यंत्राला, वेळापत्रकाला आणि गर्दीला जो जिव्हाळा देता येत नाही, तो येथे एका मुक्या प्राण्याकडून उसना घेतलेला आहे. चित्र म्हणून ही युक्ती यशस्वी आहे, यात शंका नाही.

परंतु या सहप्रवाशालाही तिकीट काढावे लागे. ज्या छोट्या पुठ्ठ्याच्या तिकिटांवर आपणही अनेक दशके प्रवास केला, तशाच तिकिटांवर तेथे ‘कुत्रा’ असा शब्द छापलेला असे. चित्रात तो कुटुंबीय आणि दरपत्रकात एक आकारणीयोग्य बाब. या विसंगतीवरील सर्वांत मार्मिक भाष्य भित्तिपत्रकांच्या कितीतरी आधी होऊन गेले आहे. १८६९ साली ‘पंच’ साप्ताहिकात चार्ल्स कीन यांचे एक व्यंगचित्र आले. आपले नाना प्राणी घेऊन निघालेल्या एका बाईंना स्थानकावरचा हमाल साहेबाचा निर्णय ऐकवतो : मांजरे ही कुत्री समजायची, ससे आणि पोपटही कुत्रीच, पण कासव हा किडा असल्यामुळे त्याला आकार नाही! नियमाला प्राणी दिसत नाही, रकाना दिसतो, हे कीन यांनी एका वाक्यात सांगितले. भित्तिपत्रकाने तो रकाना झाकून प्राणी दाखवला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे सत्य पुरे होते.

या दोहोंच्या मधला आणखी एक कुत्रा विसरता येत नाही. लंडनजवळच्या स्लाऊ स्थानकावर ‘स्टेशन जिम’ नावाचा कुत्रा पाठीवर पेटी बांधून रेल्वे कर्मचाऱ्यांच्या विधवा व अनाथ मुलांसाठी पैसे गोळा करी. १८९६ साली तो मरण पावला. त्याचा पेंढा भरलेला देह त्याच स्थानकाच्या फलाटावर काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. लोक त्याचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. तथापि अपघातात गेलेल्या वा अकाली मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रवाशांच्या चिल्लरीवर अवलंबून राहावे लागत होते, ही गोष्ट त्या गोड चेहऱ्याआड सहज झाकली जाते. रेल्वेने कुत्र्याचा चेहरा वापरला तो अशा रीतीने, कधी दानासाठी, कधी तिकिटासाठी.

चेहरा कोणाला मिळतो, हा प्रश्न आपल्याकडे आला की अधिक बोचरा होतो. ब्रिटिश सत्तेखाली येथेही त्याच धर्तीची रेल्वे आली. आमच्या अनेक वाचकांच्या शहरांत, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे, संस्थानी रेल्वेही धावल्या. १९३०च्या दशकात परदेशी प्रवाशांना भारतात बोलावणारी सुंदर भित्तिपत्रके निघाली. त्यांचा भर देवळे, घाट, वाडे यांच्या दर्शनावर होता. या रेल्वेचा सर्वांत मोठा ग्राहक, तिसऱ्या वर्गाचा प्रवासी, कसा प्रवास करत होता, हे गांधीजींनी १९१७ साली लिहिलेल्या पुस्तिकेत वाचावे. मुंबईहून मद्रासला जाताना बावीस जणांसाठी म्हणून नेमलेल्या डब्यात त्याहून कितीतरी अधिक माणसे कोंबलेली त्यांनी पाहिली, आणि वाटेत डबा एकदाही झाडला गेला नाही असे नोंदवले. तेथे कुत्र्याला अगत्याचे आमंत्रण आणि येथे माणसाला ही वागणूक! या तुलनेत कुत्र्याचा काही दोष नाही. ज्याला दुसरे वाहन मिळू शकते त्याचीच मनधरणी होते, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमध्येही दुसरे महायुद्ध सुरू होताच त्याच भिंतींवरून प्रवाशाला विचारले जाऊ लागले की तुमचा प्रवास खरोखर आवश्यक आहे काय?

मग या चित्रांत केवळ विक्रीचा कावा आहे, असे म्हणून ती निकालात काढावीत काय? आम्हांला तसे वाटत नाही. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो, आणि कुत्र्याला जागा नसेल तर आपणही चढणार नाही, असे युधिष्ठिर सांगतो. सोबतीची कसोटी तेथे आहे : तिच्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत? भित्तिपत्रकाने कंपनीला काहीच सोडायला लावले नाही, म्हणून ते थोर कलाकृतींच्या रांगेत बसत नाही. परंतु ‘कुत्रा हा सोबती आहे’ हे विधान त्याने स्थानकाच्या भिंतीवर, सर्वांसमक्ष केले. पुढे तेथील कुत्र्याचे तिकीटच गेले, आणि आज ब्रिटनमध्ये एका प्रवाशाबरोबर दोन कुत्री विनामूल्य जाऊ शकतात. हे त्या चित्रांमुळेच घडले, असा दावा आम्ही करणार नाही. मात्र नियम अखेर चित्राच्या जवळ आला, हे खरे. आपल्याकडे वातानुकूलित प्रथम वर्गाची अख्खी खोली स्वतःकडे असेल तरच कुत्रा मालकाजवळ बसतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत होते.

जाहिरात हे एक प्रकारचे वचन असते, आणि वचन देणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते ऐकणाऱ्याची स्मृती अधिक टिकाऊ ठरते. रेल्वेने आपल्या भिंतीवर जे छापले ते डब्यात पाळले काय, असे विचारण्याचा अधिकार त्यामुळेच प्रवाशाला मिळतो. ही भित्तिपत्रके पाहताना रंगरेषांना दाद द्यावी, आणि मग हा प्रश्नही विचारावा, इतकेच आमचे म्हणणे.