कोणाची गं तू?

सोनईच्या स्टँडवर उतरलं की पाच मिनिटांत कोणीतरी म्हातारी अडवतेच. "कोणाची गं तू?" वडिलांचं नाव सांगितलं की तिचं समाधान होतं. पुण्यात सात वर्षं काढली, तिथं हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिथं विचारायचे, "कुठं असतेस?" म्हणजे कुठल्या कंपनीत. तेही उत्तर सोपं होतं. गळ्यातलं आयकार्ड पुढं केलं की झालं.

चार महिन्यांपूर्वी एका कॉलवर ते आयकार्ड गेलं. पंधरा मिनिटांचा कॉल, त्यातली पाच मिनिटं 'तुमचा आवाज येत नाहीये' यात गेली. आता मी घरी आहे. आई गावात सांगते, वर्क फ्रॉम होम आहे. म्हणून मी रोज सकाळी अंघोळ करून, लॅपटॉप उघडून ओसरीवर बसते. समोरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं जातात, शनिवारी शिंगणापूरच्या गाड्यांची रांग लागते. आणि मी ऑफिसचं काम करत असल्यासारखी पुस्तकं वाचते.

अशा वेळी मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हातात 'कोसला' येतंच. कॉलेजात मी ते अर्धवट सोडलं होतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली, तेव्हा ते स्वतः पंचविशीचे होते. पुढं काही काळ त्यांनी आमच्या नगरलाही शिकवलं. नायक पांडुरंग सांगवीकर पहिल्याच ओळीत आपलं नाव आणि वय सांगून मोकळा होतो. खानदेशातल्या गावातून तो पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, पुढारपण करतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. मोबाईलवर 'कोसला'च्या नावानं जे स्टेटस फिरतात त्यांवरून वाटतं, की शहराला लाथ मारून मातीकडं परतणाऱ्या एखाद्या शहाण्याची ही गोष्ट असावी. मी तीच अपेक्षा ठेवून वाचायला बसले. मलाही कोणीतरी सांगायला हवं होतं, की बाई, तू परत आलीस हे बरंच झालं.

पुस्तक तसं काही सांगत नाही. गावात पांडुरंगाला काही सापडत नाही. पुण्यात जेवढा तो उपरा, तेवढाच गावात. 'कोसला'चा प्रामाणिकपणा मला इथं दिसतो. नेमाडे गावाला औषध म्हणून विकत नाहीत. आणि पांडुरंगाचे ते दोन लाडके शब्द, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', हे नुसते विनोदाचे नाहीत. आपण जे बोलतोय त्यावर आपलाच विश्वास नसलेल्या माणसाची ती भाषा आहे. स्टँडअप मीटिंगमध्ये रोज 'ऑलमोस्ट डन' म्हणणाऱ्या मला ती लगेच ओळखू आली.

पण यावेळी वाचताना एक गोष्ट खुपत राहिली. पांडुरंगाच्या शोधाचा खर्च कोण करतं? बाप. त्याची शेती आहे, घर आहे, गावात वजन आहे. पोरगा नापास झाला तरी त्याचं ताट वाढलेलं आहे. माझ्या वडिलांचा दोन एकर ऊस आणि कारखान्यातली हंगामी नोकरी. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. अर्थहीनता मलाही वाटते, पण महिन्याच्या पाच तारखेनंतर वाटून घेते. कादंबरी हे लपवत नाही, बापाशी असलेलं पैशाचं भांडण तिच्यात सतत आहे. पण पांडुरंगाला नापास व्हायची मुभा आहे, हे त्याचं त्याला फारसं जाणवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पांडुरंगाची धाकटी बहीण लहानपणीच मरते. मराठी कादंबरीतल्या सगळ्यात अस्सल दुःखाच्या पानांत ही पानं येतील, मी ती ओसरीवर वाचू शकले नाही, आत गेले. त्याच्या शोकात एक विचार येतो, की तिच्याबरोबर तिच्या पोटी जन्मू शकणारी पुढची सगळी साखळीही संपली. दुःख खरं आहे. पण ती मोठी झाली असती, पंचवीस वर्षांची झाली असती, तिनंही आपलं नाव आणि वय सांगून गोष्ट सुरू केली असती, अशी कल्पना त्या शोकात कुठं नाही. 'मी कोण' हा प्रश्न भावासाठी राखीव आहे. बहिणीसाठी प्रश्न एकच, कोणाची?

या प्रश्नाचं पुस्तक मला राहुरीनं दिलं. राहुरी आमच्याहून तासाभराच्या आत. तिथून जाणं-येणं शेकडो वेळा झालं, पण लक्ष्मीबाई टिळक तिथं राहिल्या होत्या हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी आलं. मुलाला वडिलांचं, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईनं आठवणी लिहाव्यात असं ठरलं. आणि नवऱ्याबद्दल लिहिता लिहिता बाईंचं स्वतःचं पुस्तक झालं.

त्यांच्याकडं 'मी' म्हणायला फारसं काही नव्हतं. माहेरचं मनकर्णिका हे नाव लग्नात गेलं, तेव्हा वय अकरा. शाळा नाही. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला, म्हणजे जात, नातीगोती, सगळी ओळख एका बातमीनं हातातून गेली. माझ्या पंधरा मिनिटांच्या कॉलची तुलना याच्याशी करताना मला लाज वाटते, पण वाचताना ती मनात आलीच.

पुस्तकाचा धागा माझ्या मते सोवळं हा आहे. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याचं वेड येतं, आणि ते त्या इतक्या गमतीनं सांगतात की हसताना आपण घाबरतो. मग काही वर्षं नवऱ्यापासून वेगळं राहणं. मग पुन्हा एकत्र येणं, पण आपला धर्म आणि सोवळं सांभाळून. एकाच घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको. आणि मग ते सोवळं पाण्यापासून, ताटापासून सुटत जातं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पुस्तकात खरा बदल त्याआधीच स्वयंपाकघरात होऊन गेलेला असतो. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, तर आपण हे का पाळतोय हे एकदा स्वतःशी विचारलं म्हणून.

पांडुरंग आधी अर्थ शोधतो, तो सापडत नाही म्हणून जगणं थांबवून ठेवतो. लक्ष्मीबाईंना थांबायची सोय नव्हती. चूल पेटवायची होती, पोरं सांभाळायची होती. त्यांचा 'मी' शोधून सापडलेला नाही, तो कामातून तयार झालेला आहे. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. जिला लिहावाचायला नवऱ्यानं शिकवलं, त्या बाईनं ते पुरं केलं.

म्हणून 'कोसला' खोटं ठरत नाही. दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट सारखी आहे, आणि मला तीच हवी होती. दोघंही आपली फजिती लपवत नाहीत. पांडुरंग आपलं नापास होणं सांगतो, लक्ष्मीबाई आपला भित्रेपणा, आपली भांडणं सांगतात. दोघांची गोष्ट तिथंच सुरू होते, जिथं लोकांना सांगायची गोष्ट संपते. आणि मी मात्र बंद प्रोजेक्टचा लॅपटॉप उघडून ओसरीवर बसले होते. माझं सोवळं ते होतं.

गेल्या शुक्रवारी बाजारात आईसोबत होते. भाजीवाल्या आजींनी विचारलं, "कोणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "पुण्याला असती ना?" आई बोलायच्या आत मी म्हणाले, "होते. नोकरी गेली, आजी. दुसरी बघतेय."

आईनं माझा दंड धरला. आजींनी तराजूत अजून दोन वांगी टाकली आणि म्हणाल्या, "मग आता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. पण तो प्रश्न पहिल्यांदाच मला विचारलेला होता.