शिळ्या प्रतीचं मोल

(सेनगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या म्हाताऱ्याने संगणकाच्या प्रोग्रॅमवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मग रोज हाताळतो त्या अवजाराची का होऊ नये? अवजारातही विचार असतो. तो कुणीतरी केलेला असतो आणि आपण तो न तपासता घरात घेतो. आज मी सिंकथिंग या अवजाराबद्दल बोलणार आहे.

ते काय करतं, आधी सांगतो. दोन किंवा अधिक संगणकांवरचं एखादं फोल्डर ते सतत सारखं ठेवतं. मी इथे सेनगावात एक ओळ बदलली, की ती पुण्याला मुलाच्या संगणकावर आणि नाशिकला मुलीच्या संगणकावर बदलते. याकोब बोर्ग या स्वीडिश प्रोग्रॅमरने ते सुरू केलं आणि डिसेंबर २०१३मध्ये लोकांसमोर आणलं. पैसे लागत नाहीत. मुक्तस्रोत आहे, म्हणजे आतली सगळी रचना कुणालाही वाचता येते, हवी तर बदलता येते.

गुण आधी सांगू. यात मधला माणूस नाही. इतर बहुतेक सोयींमध्ये आपली फाइल आधी एखाद्या कंपनीच्या संगणकावर जाते आणि तिथून आपल्याच दुसऱ्या संगणकावर येते. इथे आपलं आपल्याकडेच राहतं. प्रत्येक संगणकाला एक लांबलचक ओळख असते, आणि दोन्ही बाजूंनी ती ओळख मान्य केल्याशिवाय जोडणी होत नाही. सोयरीक जशी दोन्ही घरांच्या होकाराने होते, तसंच. थेट रस्ता सापडला नाही तर वाटेतला एखादा संगणक निरोप पुढे देतो, पण निरोप कुलूपबंद असतो, त्याला तो वाचता येत नाही. हे सगळं शब्दावर विश्वास ठेवून मानायची गरज नाही, ज्याला कळतं त्याने रचना उघडून पाहावी. मला हे नीतीच्या दृष्टीने मोठं वाटतं.

मधला माणूस नाही, याची किंमतही आहे बरं का. दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असावे लागतात. इथे लाइट असते तेव्हा पुण्याचा संगणक बंद, आणि तो चालू झाला की इथली लाइट गेलेली! पण ही तक्रार किरकोळ आहे. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या शेवटच्या वर्षांत मी त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे मुलीने त्या संगणकावर उतरवल्या. एकूण चौदा फाइली. कॅसेट बुरशीने गेली, पण मी निश्चिंत होतो, कारण तीन गावांत तीन प्रती होत्या. एकदा माझ्या संगणकात जागा कमी पडली. मी म्हटलं, दोन ठिकाणी आहेच की. आणि ते फोल्डर माझ्याकडून पुसून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते पुण्यातून गेलं, नाशिकमधूनही गेलं.

दोष अवजाराचा नाही, माझाच. सारखं ठेव असं मी सांगितलं होतं, त्याने ठेवलं. माझ्याकडे काही नाही, तर तुमच्याकडेही काही नाही. हेही सारखेपणच झालं ना? आम्ही जतनासाठी पुरेसे नाही, हे सिंकथिंगचे कर्ते स्वतःच स्पष्ट सांगतात. मी ते वाचलं नव्हतं.

पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला दुसरी चूक जास्त लागली. लायब्निट्झ म्हणतो, ज्या दोन वस्तूंमध्ये कसलाच फरक दाखवता येत नाही, त्या दोन नसतातच, ती एकच वस्तू असते. वर्गात हे मी किती वर्षं शिकवलं! आणि घरी ज्या प्रतींमध्ये काही फरक उरूच द्यायचा नव्हता, त्यांना मी तीन म्हणून मोजत होतो. त्या तीन नव्हत्याच. एकच प्रत तीन गावांत दिसत होती.

आता अवजारातल्या विचाराकडे या. पोथीची पानं असावीत तसे सिंकथिंग फाइलचे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतं, आणि ज्याचा ठसा जुळत नाही तेवढाच तुकडा मागवतं. फार हुशार पद्धत आहे. पण ठसा एवढंच सांगतो की हे त्याच्यासारखं आहे किंवा नाही. यातलं बरोबर कोणतं, हे ठसा सांगू शकत नाही. सुधारणा, चूक आणि पुसणं, तिन्ही त्याच्या दृष्टीने नुसते बदल.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नकलांमध्ये फरक पडत गेले होते, म्हणून ते काम करावं लागलं. पण ते करता कशामुळे आलं? नकला एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या होत्या म्हणूनच. सगळ्या पोथ्या एकाच चुकीवर एकमत झाल्या असत्या, तर चूक दिसलीच नसती. आणि पुढे १९०९मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची मानलेली एक पोथी छापली. त्यांचं मत सर्वांना पटलं असं नाही. पण वाद घालायला दुसरा पाठ तरी हाती होता! नाथांची शुद्ध प्रत त्याच रात्री महाराष्ट्रभरच्या पोथ्यांवर उमटली असती, तर राजवाड्यांना काय सापडलं असतं?

आपल्या जवळच्या नर्सीचे नामदेव महाराज बघा. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती पंजाबात, गुरुमुखी लिपीत, वेगळ्या गायकीत जपली गेली. इथल्या गाथेशी रोज जुळवून घ्यायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. अंतरानेही जतन होतं.

गंमत अशी, की सिंकथिंगचा सर्वांत शहाणा क्षण तो हरतो तेव्हा येतो. समजा, लाइट नसताना एकच फाइल मी इथे बदलली आणि मुलाने तिकडे वेगळीच बदलली. जोडणी झाल्यावर ते दोन्ही प्रती ठेवतं. एकीचं नाव तेच राहतं, दुसरीच्या नावात संघर्ष झाल्याची खूण आणि तारीख घालतं, आणि ती प्रतही सगळीकडे पोचवतं. निर्णय माणसावर सोपवतं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

पण मूळ नाव कुणाला मिळतं? ज्याचा बदल उशिराचा, त्याला. म्हणजे नंतरचं ते खरं! हे गृहीतक कुणी सिद्ध केलंय? मुलगा रात्री अकराला झोपेत काही बिघडवून ठेवील आणि माझी सकाळची दुरुस्ती बाजूला पडेल.

माझा मुख्य आक्षेप याहून साधा आहे. पुसलेल्या फाइलची जुनी प्रत बाजूला ठेवायची सोय सिंकथिंगमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. प्रत्येक संगणकावर, प्रत्येक फोल्डरला आपण ती चालू करायची. जाणत्याला हे ठीक आहे. पण घरोघरी जाणारं अवजार विसराळू माणसाला धरून बनवायला हवं. नवखा माणूस बंद दार उघडायला जात नाही, ते आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

याच अवजाराच्या इतिहासातून एक गोष्ट सांगतो. २०२४च्या अखेरीस त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप बंद झालं. तरी फोनवरचा वापर संपला नाही, कारण रचना खुली होती आणि काही जणांनी तिची वेगळी शाखा चालवली होती. मूळ थांबलं, तरी मुळाशी न जुळणारी प्रत चालू राहिली. नाथांच्या आधीच्या पोथीचीच गोष्ट, नाही का?

तेव्हा सिंकथिंग वापरू नका असं मी म्हणत नाही. मी आजही वापरतो. जुन्या प्रतींची सोय तिन्ही संगणकांवर चालू केली आहे. आणि वर्षातून दोनदा सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती काढून कपाटात ठेवतो. ती डिस्क नेहमी मागे असते, शिळी असते. तेच तिचं काम.

ओव्यांचं काय झालं, असं मघाशी एका मुलीने विचारलं. मुलीने फार पूर्वी माझ्या बहिणीला एक पेन ड्राइव्ह दिला होता. तो बहिणीच्या डब्यात, सुईदोऱ्यात पडून होता. कशालाच जोडलेला नव्हता, म्हणून वाचला. त्यात अकरा फाइली निघाल्या. उरलेल्या तीन त्यानंतर उतरवलेल्या होत्या. त्या गेल्या.

शिळं टाकून द्यावं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. भाकरीच्या बाबतीत ते बरोबर असेल. माझ्या आईचा आवाज मात्र शिळ्या प्रतीतच राहिला.