चौथे प्रेत कोणाचे?

आमच्या अभ्यासवर्गात हूलिया अल्वारेझ यांची ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’ (१९९४) ही कादंबरी मी दोनदा समजावून दिली. दोन्ही वेळा मिराबाल भगिनींच्या शौर्यावर भरभरून बोललो. दुसऱ्या वेळी वर्ग संपताना वसतिगृहातील एका मुलीने विचारले, “सर, जीपमध्ये चार प्रेते होती ना? तीन बहिणींची नावे तुम्ही सांगितली. चौथे कोणाचे?” मी म्हणालो, “ड्रायव्हरचे.” ती म्हणाली, “त्याला नाव नव्हते?”

नाव होते. रुफिनो दे ला क्रूझ. ते पुस्तकात छापलेले होते आणि माझ्या डोळ्यांखालून गेलेही होते. तरीही मी ते उच्चारले नाही. माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली. तिच्या मुलाकडून हे घडले, म्हणून हा लेख.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकावर राफाएल त्रुहियोने १९३० पासून १९६१ पर्यंत सत्ता गाजवली. राजधानीला त्याने स्वतःचे नाव दिले. ‘या घरात प्रमुख त्रुहियोच’ अशा अर्थाच्या पाट्या लोकांच्या घरात टांगलेल्या असत. सालसेदोजवळच्या ओहो दे आग्वा या गावातील खात्यापित्या मिराबाल कुटुंबात पात्रिया, देदे, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या चार बहिणी जन्मल्या. मिनेर्वा कायद्याची पदवीधर झाली, पण तिला वकिलीची सनद मिळू दिली नाही. १९५९ च्या जूनमध्ये क्यूबाहून आलेल्या बंडखोरांची त्रुहियोने कत्तल केली. त्या तारखेचे नाव घेतलेल्या ‘१४ जून’ या भूमिगत चळवळीत या बहिणी आणि त्यांचे नवरे उतरले. मिनेर्वा व मारिया तेरेसा तुरुंगात जाऊन सुटल्या. नवरे आतच राहिले. २५ नोव्हेंबर १९६० रोजी प्वेर्तो प्लाताच्या तुरुंगात त्यांना भेटून परतताना या दोघी, सोबतीला गेलेली पात्रिया आणि गाडी चालवणारा रुफिनो या चौघांना वाटेत अडवून मारले गेले. मग अपघाताचा देखावा करण्यासाठी जीप दरीत ढकलली. सहा महिन्यांनी, ३० मे १९६१ रोजी, त्रुहियोही मारला गेला. १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला.

अल्वारेझ यांचे वडील त्रुहियोविरोधी कटात होते. खुनांच्या काही महिने आधी ते कुटुंब अमेरिकेला निसटले. लेखिकाही चार बहिणींपैकीच एक. निसटलेल्या माणसाची टोचणी या लेखनामागे आहे, म्हणूनच वाचलेली बहीण देदे हिच्या आठवणींनी कादंबरी सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते.

या कादंबरीचे मोठेपण मला कुठे वाटते? लेखिकेने बहिणींना देवी केलेले नाही. कोणी वेणीच्या रिबिनीचा विचार करते, कोणाचा देवावरचा विश्वास ढळतो, कोणी वहीत भाबडे लिहिते. अखेरीच्या टिपणात अल्वारेझ सांगतात की माणसाला देव करण्याच्या ज्या वृत्तीने हुकूमशहा उभा राहिला, तीच वृत्ती या बहिणींचीही मूर्ती करते. हा विचार आपल्याला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तारीख एकच, हा योगायोग. विचार एक आहे, हा योगायोग नव्हे. भक्तीची झळ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांना तो लवकर कळतो.

दुसरे मोठेपण असे की हुकूमशाही येथे राजवाड्यातच बसलेली नाही. ती भिंतीवरच्या तसबिरीतून, शाळेतल्या धड्यातून, बापाच्या भीतीतून घरात शिरते. घरातही एक लहान त्रुहियो असतो. कादंबरीतली देदे चळवळीत जात नाही, कारण नवरा परवानगी देत नाही. बापाने दुसरे घर केलेले आहे. त्या घरच्या चार अनवाणी मुली मिनेर्वाला दिसतात, तेव्हा ती मान वळवत नाही. पुढे त्यांच्या शिक्षणाची तजवीज करते. बहिणी तुरुंगात असताना त्यांपैकीच एक, मार्गारिता, आतल्या चिठ्ठ्या बाहेर आणते. बापाने ज्यांना बहिणी म्हणून नाव दिले नाही, त्या लढ्यात बहिणी ठरतात. कादंबरीतील हा भाग मला सर्वांत क्रांतिकारक वाटतो.

पण हे दार सगळ्यांसाठी उघडत नाही. मोलकरीण फेला हिच्या अंगात मेलेल्या बहिणी येतात अशी लोकांची समजूत होते आणि देदे तिला घरातून काढून टाकते. घरचा गडी प्रिएतो दारूची बाटली आणि चार पैशांसाठी पोलिसांना बातम्या पुरवतो. त्याला तसे करायला कशाने भाग पाडले, हे कादंबरी विचारत नाही. तुरुंगात मारिया तेरेसाला माग्दालेना भेटते. ती घरकाम करणारी. मालकाच्या मुलाने तिच्यावर अत्याचार केला, मूलही हिरावून घेतले गेले. तिची कथा मारिया तेरेसाच्या डायरीत येते, म्हणजे दुसऱ्याच्या हस्ताक्षरात येते. आणि रुफिनो? चार बहिणींना स्वतःची प्रकरणे आहेत, त्याला एकही नाही. तो गाडी चालवतो आणि मरतो.

काही समीक्षक म्हणतील, एका कादंबरीने सगळ्यांचे सगळे का सांगावे? हा आक्षेप मी समजू शकतो. अल्वारेझ यांनी रुफिनोची कादंबरी लिहायला हवी होती, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की हुकूमशाहीविरुद्धचे ‘कुटुंब’ म्हणताना त्या कुटुंबाचा स्वयंपाक करणारा, गाडी हाकणारा माणूस कुटुंबात मोजायचा की नाही, हा प्रश्न साहित्याबाहेरचा नाही. तो कलाकृतीच्या गाभ्यातला आहे. कोणाला ‘मी’ म्हणता येते आणि कोणाला येत नाही, यावरच कादंबरीची रचना ठरते.

दुसऱ्या एका लेखिकेने हाच काळ खालून पाहिला. हैतीत जन्मलेल्या एदविज दांतिका यांच्या ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ (१९९८) मध्ये ‘मी’ म्हणणारी आमाबेल ही डोमिनिकन घरातली हैतीची मोलकरीण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या हुकुमावरून सरहद्दीवर हजारो हैतीयन माणसे कापली गेली. ऊसतोडीचे मजूर, नोकर, काळ्या कातडीची माणसे. कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचे स्पॅनिश नाव उच्चारायला लावून जीभ अडखळली की मारत, असे त्या कत्तलीविषयी सांगितले जाते. उच्चारावरून माणसाची जात ओळखणारे आपल्याकडेही आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आमाबेलचा प्रियकर सेबास्तियन आणि त्याची बहीण मिमी त्यात नाहीसे होतात. मिमीही बहीणच होती. तिच्या नावाचा दिवस कोणी पाळत नाही. त्रुहियोच्या मृत्यूनंतर आमाबेल जुन्या मालकिणीला भेटायला जाते. जिच्या बाळंतपणात आमाबेलने स्वतःच्या हातांनी जुळी मुले बाहेर काढली, ती मालकीण तिला प्रथम ओळखतही नाही. हुकूमशहा मेला, घर मात्र तसेच राहिले. हा एक प्रसंग मला पुष्कळ शिकवून गेला.

या दोन कादंबऱ्या एकमेकींच्या विरोधात उभ्या करू नयेत. एक अंगणातून बोलते, एक परसातून. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे घराचा पुरा नकाशा दिसतो. पहिलीने मला मूर्ती फोडायला सांगितले. दुसरीने ती फोडल्यावर जमिनीवर कोण बसलेले आहे ते पाहायला सांगितले.

शेवटी आपल्या घराकडे वळावेच लागते. नामांतराच्या लढ्यावर, मोर्चांवर, तुरुंगवासावर आपण कविता आणि आत्मकथने लिहिली. नवरा तुरुंगात असताना खुरपायला जाऊन पोरे जगवणारी बाई त्यांत कितीदा स्वतःच्या तोंडाने बोलली? भाऊ भाषण देत होता तेव्हा सभेच्या भाकऱ्या थापणारी बहीण किती ठिकाणी नावाने आली? ‘ड्रायव्हरचे’ असे उत्तर मी दिले, तसे आपल्या लेखनात किती ठिकाणी नुसते ‘आईचे’ आणि ‘बायकोचे’ आहे, ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे.

येत्या २५ नोव्हेंबरला अभ्यासवर्गात पुन्हा ही कादंबरी घेणार आहोत. त्या मुलीला मी फळ्यावर नावे लिहायला सांगितले आहे. चार.