व्याकरणातला ‘हॅड’ आणि बोलण्यातला ‘ड्’

“द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.” मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी भेटलेले असतेच. किती पिढ्या हा रोगी डॉक्टर येण्यापूर्वी मरत आला आहे! त्यावरून शिकवला जाणारा नियमही आपल्याला पाठ असतो: भूतकाळात दोन क्रिया घडल्या, तर आधीच्या क्रियेला पूर्ण भूतकाळ आणि नंतरच्या क्रियेला साधा भूतकाळ. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३५ साली निघाले, तेव्हापासून हा नियम थोड्याफार फरकाने आपल्या वर्गांत घुमतो आहे. नियम खोटा नाही. उदाहरण मात्र त्याच्यासाठी अगदी गैरसोयीचे आहे.

याचे कारण वाक्यातला ‘बिफोर’. आधी काय घडले आणि नंतर काय, हे त्या एका शब्दानेच सांगून टाकले. त्यामुळे रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस इथे बहुधा नुसते “डाइड” म्हणून मोकळा होईल. म्हणजे ‘हॅड’ची गरज जिथे सर्वांत कमी, नेमकी तीच जागा आपण नमुना म्हणून निवडली आहे. त्याऐवजी ही दोन वाक्ये पाहा. “व्हेन आय गॉट देअर, शी लेफ्ट”, म्हणजे मी पोचलो तशी ती निघाली. “व्हेन आय गॉट देअर, शी'ड लेफ्ट”, म्हणजे मी पोचलो तेव्हा ती निघून गेलेली होती. भेट झाली की चुकली, हे इथे एका ‘ड्’वर ठरते.

नियमातली दुसरी अडचण हुशार विद्यार्थीच दाखवून देतात. तो उठला, त्याने अंघोळ केली, जेवला आणि निघाला, यात चार क्रिया आहेत आणि प्रत्येक क्रिया पुढचीच्या आधीची आहे. मग पहिल्या तिन्हींना ‘हॅड’ लावायचे का? अर्थातच नाही. नुसता आधी-नंतरचा क्रम या काळासाठी पुरेसा नसतो. बोलणारा भूतकाळातल्या एका क्षणापाशी मनाने उभा राहतो आणि तिथून मागे वळून पाहतो, तेव्हा ‘हॅड’ येतो. “आय रिअलाइज्ड आय'ड लेफ्ट द की इनसाइड.” बोलणारा बंद दाराशी उभा आहे, आणि किल्ली आत राहिली ती त्या क्षणाच्या मागे. म्हणूनच लक्षात आले, आठवले, कळले, ती म्हणाली, अशा क्रियापदांच्या पाठीमागे हा काळ हटकून सापडतो. गोष्ट सांगताना एकदा मागे गेले की एक-दोन वाक्यांपुरता ‘ड्’ वापरतात, आणि श्रोता मागच्या काळात स्थिरावला की पुढे साध्या भूतकाळावर येतात. प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ घातलेला उतारा व्याकरणाने बरोबर असूनही कंटाळवाणा होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेले लाँगमनचे मोठे व्याकरण प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या नमुन्यांवर आधारलेले आहे. त्यात हा काळ कथा-कादंबऱ्यांत भरपूर आणि संभाषणात विरळ असल्याचे आढळले. तो मुळात गोष्ट सांगण्याचा काळ आहे, हे त्यावरून कळते. आपण मात्र तो सुट्या वाक्यांच्या रिकाम्या जागा भरून शिकवतो.

आता कानाकडे वळू. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ साली निघाला. तेव्हापासून इंग्रजी उच्चारकोशांत ‘हॅड’चा जोरकस उच्चार वेगळा आणि दुबळे उच्चार वेगळे दिलेले असतात: ‘हड’, ‘अड’ आणि शेवटी नुसता ‘ड्’. इंग्रजीची लय आघातांवर चालते. आघाताच्या शब्दांमध्ये सापडलेली साहाय्यक क्रियापदे चेपली जातात. मराठीत प्रत्येक अक्षराला आपला वेळ मिळतो, म्हणून आपण “आय हॅड टोल्ड हिम” हे चारही शब्द स्वच्छ उच्चारतो आणि समोरून तसेच ऐकू येतील अशी अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात येते “आय'ड टोल्ड इम”, आणि त्यातला ‘ड्’ पुढच्या ‘ट’ला चिकटून जवळजवळ नाहीसा होतो. “ही डिसायडेड” आणि “ही'ड डिसायडेड” यांत फरक एवढाच, की दुसऱ्यात जीभ टाळूपाशी किंचित जास्त वेळ टेकलेली असते. “आय'ड गॉन”मध्ये ‘ड्’ हुकला तरी ‘गॉन’ वाचवतो. “वी'ड वॉक्ट”मध्ये वाचवणारे कोणी नाही. तिथे इंग्रज श्रोतासुद्धा संदर्भावरूनच अर्थ लावतो. अशा जोड्या वर्गात वेगवेगळ्या क्रमाने मोठ्याने वाचून मुलांना नुसते ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायला सांगावे. उत्तरे पाहून शिक्षकालाच आश्चर्य वाटेल. (“आय'ड हॅड टी” लिहिताना दोन ‘हॅड’ पाहून मुले हसतात. बोलताना तो प्रश्नच येत नाही.)

हा ‘ड्’ एकट्या ‘हॅड’चा नाही, ‘वुड’चाही आहे. “इफ आय'ड नोन, आय'ड हॅव कम” या वाक्यात पहिला ‘ड्’ ‘हॅड’चा आणि दुसरा ‘वुड’चा. ओळख पुढच्या शब्दावरून पटते. मूळ धातू आला, मग तो ‘हॅव’ का असेना, तर ‘वुड’. तिसरे रूप आले तर ‘हॅड’. पण ‘कम’, ‘रन’, ‘पुट’, ‘कट’ यांची दोन्ही रूपे सारखीच. “दे'ड कम” म्हणजे ते आले होते, की ते येत असत, की ते येतील असे कोणी म्हटले? एकट्या वाक्यावरून इंग्रजालाही सांगता येणार नाही. ‘रीड’चे उलटे आहे: लिहिलेले “आय'ड रीड” संदिग्ध, पण बोलताना ‘रीड’ आणि ‘रेड’ लगेच वेगळे होतात. आणखी एक गोष्ट: वाक्याच्या शेवटी हा संक्षेप चालत नाही. “हॅड यू सीन इट?” याचे उत्तर “येस, आय हॅड” असेच येते, कारण तिथे आघात ‘हॅड’वर पडतो.

आपल्या मुलांची खरी चूक निराळीच असते आणि तिचे मूळ मराठीत आहे. “आय हॅड गॉन टू पुणे येस्टर्डे” या वाक्यावर लाल शाई फिरते, पण मुलाला कारण सांगितले जात नाही. त्याच्या मनात “मी काल पुण्याला गेलो होतो” हे अगदी शुद्ध वाक्य आहे. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे जाणे आटोपले, मी परत आलो, विषय संपला. “काल पुण्याला गेलो…” असे म्हटले तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून थांबतो. इंग्रजीत बरोबर उलटे आहे. “आय वेन्ट” म्हटले की गोष्ट पुरी होते, आणि “आय'ड गॉन” म्हटले की ऐकणारा ‘मग काय झाले?’ याची वाट पाहतो. हे एवढे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले तर दहा वर्षांच्या लाल शाईचे काम होईल. मुलाला आपण अडाणी आहोत असे वाटण्याचेही कारण उरणार नाही.

संक्षेपाची गोष्टही मराठीला नवी नाही. ‘आला आहे’चे ‘आलाय’ आपण बोलतो, छापतोही. ‘गेलो होतो’चे ‘गेल्तो’, ‘आला होता’चे ‘आल्ता’, ‘केलं होतं’चे ‘केल्तं’ ही रूपे पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतात. इंग्रजी ‘ड्’ ज्या कारणाने झाला त्याच कारणाने तीही झाली: साहाय्यक क्रियापद झिजून मुख्य क्रियापदाला चिकटले. १७१० साली जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’मध्ये अशा तोडलेल्या इंग्रजी रूपांची थट्टा केली होती. ती रूपे टिकली, आणि आज आपण ती सफाईदार इंग्रजी म्हणून मुलांना शिकवू पाहतो. मराठीच्या तासाला मात्र ‘गेल्तो’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, आणि पुष्कळदा शिक्षकही.