सातवा अंक

कुठल्याही गोष्टीची सुरुवात फसली तर वाचक लेखकाला माफ करतो. मधेच ती रेंगाळली तर एक डुलकी काढून घेतो. पण शेवट फसला, की हाच सोशिक माणूस लेखकाचा पत्ता शोधू लागतो. १८९३ साली आर्थर कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून दिलं, तेव्हा भल्याभल्या इंग्रजांनी त्याला रागाची पत्रं धाडली. ज्या देशात भांडणाची सुरुवातही हवापाण्यापासून करतात, त्या देशातली ही गोष्ट! अखेर डॉइलला होम्सला दरीतून वर काढावं लागलं.

शेवटावरून झालेलं असंच एक भांडण मला फार आवडतं. ते झालं अमेरिकेत, २००७ च्या फेब्रुवारीत, आणि तेही एका कॉमिकवरून. 'कॉमिक म्हणजे पोरांची पुस्तकं' असं म्हणून पान उलटू नका. ही पोरं तिशी-चाळिशीची होती. त्यांतली काही घराचे हप्ते भरत होती.

मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनं २००६ साली 'सिव्हिल वॉर' नावाची सात अंकांची मालिका काढली. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. या नावाला आपल्या भाषेत 'यादवी' हा फार नेमका शब्द आहे. शत्रूशी होतं ते युद्ध आणि चुलतभावाशी होते ती यादवी. आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढली. तिथं बाजू ठरलेल्या असत. इकडे वेताळ, तिकडे बदमाश, आणि बदमाशाच्या हनुवटीवर कवटीची खूण. उद्या वेताळ आणि मॅन्ड्रेक यांचीच मारामारी जुंपली असती, तर आम्ही दोन दिवस जेवलो नसतो. मार्व्हलनं नेमकं तेच केलं.

गोष्ट अशी. काही उत्साही तरुण सुपरहीरो टेलिव्हिजनच्या कार्यक्रमासाठी गुंडांना पकडायला जातात. स्टॅमफर्ड गावात शाळेजवळ प्रचंड स्फोट होतो आणि सहाशेहून अधिक माणसं मरतात. त्यांत शाळेतली लहान मुलंही असतात. लोक खवळतात. सरकार कायदा करतं, की ज्याच्या अंगी अचाट शक्ती असेल त्यानं आपलं खरं नाव सरकारदरबारी नोंदवावं आणि सरकारच्या हुकमतीखाली काम करावं. आयर्न मॅन म्हणतो, बरोबर आहे. कॅप्टन अमेरिका म्हणतो, मुळीच नाही. झालं! निम्मे इकडे, निम्मे तिकडे. स्पायडरमॅन तर आधी जगासमोर मुखवटा काढून आयर्न मॅनला सामील होतो आणि पुढं बाजू बदलतो. आयाराम-गयाराम ही काही फक्त आपल्याकडची पैदास नव्हे.

प्रश्न पोरकट नव्हता. २००१ सालच्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं सुरक्षेसाठी कडक कायदे केले होते आणि सुरक्षेपायी किती स्वातंत्र्य गहाण टाकायचं यावर तिथं घरोघर वाद चालले होते. आणीबाणीचे दिवस पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मार्व्हलनं त्या वादाला रंगीत कपडे चढवले आणि जाहिरातीत वाचकाला थेट सवाल टाकला, की तुम्ही कोणाच्या बाजूचे?

हा सवाल विचारायला सोपा, पण ज्याला विचारला त्याला तो झोपू देत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन तट पडले होते. टाकी दुरुस्त होऊन कित्येक वर्षं झाली, तट अजून ठणठणीत आहेत.

त्यातून अंक वेळेवर निघेनात. पहिला अंक ३ मे २००६ ला आला आणि सातवा २१ फेब्रुवारी २००७ ला. हिशेब करा, बरोबर नऊ महिने अठरा दिवस. पोटच्या गोळ्यालासुद्धा नऊ महिने नऊ दिवस लागतात; इथं वर आणखी नऊ दिवस. एवढ्या प्रतीक्षेनंतर पाळण्यात जे दिसेल ते राजबिंडंच असलं पाहिजे, अशी वाचकांची अपेक्षा झाली यात त्यांचा काय दोष?

आणि शेवटी दिसलं काय? न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात तुंबळ लढाई. कॅप्टननं आयर्न मॅनला लोळवलेलं. आता ढालीचा एक घाव, की खेळ खलास. तेवढ्यात पोलीस, आगीचे बंबवाले आणि ॲम्ब्युलन्सवाले असे साधे लोक धावत येतात आणि कॅप्टनलाच धरून खाली पाडतात. तो मान वर करून पाहतो, तर अर्धं शहर मोडून पडलेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण लोकांसाठी लढत होतो, आता नुसतेच लढतोय, हे त्याला उमगतं. तो मुखवटा काढतो आणि हातांत बेड्या घालून घेतो.

माझा एक भाचा तेव्हा न्यू जर्सीत होता. तिकडे नवी कॉमिक्स बुधवारी येतात आणि हा गृहस्थ दर बुधवारी, आपण एकादशी पाळतो तशा नेमानं, दुकानात हजर असे. गुरुवारी पहाटे माझा फोन वाजला.

"मामा, कॅप्टन शरण गेला!"

"कोण? द्रविड?"

"मामा, थट्टा नको. कॅप्टन अमेरिका. जिंकत आला होता हो! आणि हात वर केले!"

त्याच्या आवाजात जे दुःख होतं, ते त्याची नोकरी गेली तेव्हाही नव्हतं. पुढं त्यानं मला सगळे अंक एकत्र बांधलेलं पुस्तक पाठवलं, सोबत दुकानात ऐकलेल्या तक्रारींचा तपशीलही कळवला. त्या तक्रारी वाचताना माझ्या ध्यानात आलं, की रागावलेल्या वाचकांच्या जाती असतात.

पहिली जात पक्षनिष्ठांची. यांना शेवट नको असतो, निकाल हवा असतो. नऊ महिने हे कॅप्टनच्या तटात राहिले आणि निकाल आयर्न मॅनच्या बाजूनं लागला. यांचं दुःख निवडणुकीत अनामत गेलेल्या उमेदवाराचं.

दुसरी जात चारित्र्यरक्षकांची. 'आमचा कॅप्टन असं करणारच नाही!' हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत मुलाच्या काकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. कॅप्टन अमेरिका जन्मला १९४१ साली, पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरच्या तोंडावर ठोसा हाणत. असा माणूस रडतो? रक्षकांना हे सोसेना. आपण ज्याला लहानपणापासून ओळखतो, त्याला लेखकानं परस्पर बदलायचं म्हणजे काय?

तिसरी जात हिशेबनिसांची. यांचं म्हणणं, हा शेवट नव्हेच, पुढल्या मालिकांची जाहिरात आहे. यांना खोटं ठरवणं कठीण. सातव्या अंकानंतर बरोबर चौदा दिवसांनी, ७ मार्चला, कॅप्टनच्या स्वतःच्या मासिकात त्याला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या. बातमी मोठमोठ्या वर्तमानपत्रांत झळकली. कॅप्टनच्या दोन जनकांपैकी जो सायमन तेव्हा ९३ वर्षांचे होते. आत्ताच तर त्याची गरज होती, असं ते हळहळले. दुकानांतल्या प्रती हातोहात संपल्या. २००९ मध्ये त्याला परत आणणारी मालिका सुरूही झाली. पिंडाला कावळा शिवण्याआधीच पुनर्जन्माची तारीख ठरते, असा तो धंदा आहे.

याच यादवीची 'फ्रंटलाइन' नावाची एक जोडमालिका होती. तिच्या शेवटच्या अंकानं तर रागात तेल ओतलं. त्यात एक बातमीदार बाई तुरुंगातल्या कॅप्टनची हजेरी घेते. मायस्पेस म्हणजे काय हे तरी तुला ठाऊक आहे का, मग तू कसला अमेरिकेचा प्रतिनिधी, असा तिचा सूर. आणि कॅप्टन गप्प. वाचक त्या बाईवर जेवढे चिडले, तेवढे ते खलनायकांवरही चिडले नसतील. पुढं गंमत अशी झाली, की थोड्याच वर्षांत मायस्पेसचीच रया गेली आणि कॅप्टन मात्र अजून धडधाकट आहे.

मग शेवट वाचकांच्याच हाती दिला तर? तोही प्रयोग झाला आहे. १९८८ साली बॅटमनच्या प्रकाशकांनी, त्याचा साथीदार रॉबिन जगावा की मरावा, यावर टेलिफोननं मतं मागवली. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं! २००५ साली तोही परत आला. तेव्हा लोकशाही ही राज्य चालवायला ठीक, गोष्ट संपवायला नव्हे.

आता माझं मत. मी सातही अंक एका रात्रीत वाचले, मला वाट पाहावी लागली नव्हती. म्हणून असेल, पण ते शरणागतीचं चित्र मला मालिकेतलं सगळ्यांत खरं चित्र वाटलं. अंगावर येऊन कॅप्टनला खाली पाडणारे लोक कोण आहेत ते पाहा. २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ जवान मेले होते. त्याच शहरात पाच-सहा वर्षांनी आगीच्या बंबावरचा माणूस देशाच्या झेंड्याचे कपडे घातलेल्या वीराला धरून ठेवतो. त्यांच्याशी हाणामारी करून जिंकणारा कॅप्टन कोणाला आवडला असता?

पण रागावलेले वाचक एका बाबतीत बरोबर होते, जरी त्यांनी ते नीट मांडलं नाही. शरण जाण्यानं लढाई संपते, प्रश्न संपत नाही. कायदा योग्य होता का? खटल्यावाचून माणसांना दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात कोंडणं योग्य होतं का? कॅप्टन दमला, रडला, बेड्या घालून बसला. म्हणून त्याचं म्हणणं चूक ठरत नाही. हरणं आणि चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेतला वादविवाद हरलेलं पोरही सांगेल. लेखकानं मात्र त्या एकीवरून दुसरी गृहीत धरली. आयर्न मॅनला थेट शील्ड या बलाढ्य संस्थेचा प्रमुख केलं आणि मेलेल्या मुलाच्या आईला धीर देताना दाखवून पडदा पाडला. अर्जुनानं आरंभीच हातपाय गाळले, म्हणून आपल्याला अठरा अध्याय मिळाले. कॅप्टननं ते शेवटच्या अंकात केलं, तेव्हा त्याला काही सांगायला पानंच उरली नव्हती. शाकुंतलही सातच अंकांत संपतं. पण सहाव्या अंकात दुष्यंताला आपली चूक उमजते आणि मगच सातव्यात शकुंतला त्याला भेटते. इथं भेट नाही, उमज नाही, नुसता पंच बदलला.

खरा घोटाळा त्या सवालातच होता. 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' असं नऊ महिने विचारायचं आणि सातव्या अंकात सांगायचं, की अरे, बाजू घेणंच चूक होतं! जेवायला बोलावून ताटावर बसल्यावर उपासाचं माहात्म्य सांगण्यातला हा प्रकार. माणूस चिडणारच. माझा भाचा अजून चिडलेला आहे. त्याला विचारलं, "त्या बंबवाल्याचं काय चुकलं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, त्याची बाजू कोणी छापलीच नव्हती."